"कंपायलर कधी खोटं बोलत नाही" म्हणे!

सी प्लस प्लसवाल्यांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, सिनियर ज्युनियरला पाठवतो, ज्युनियर पुढे ढकलतो. त्यात म्हटलंय काय तर: कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) कधी खोटं बोलत नाही, ओ-झीरोला (ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणं, बंद असताना) गप्प आणि ओ-टूला (ते चालू असताना) वॉर्निंग म्हणजे कोडमध्ये लपलेलं अनडिफाइन्ड बिहेवियर (पुढे काय होईल याची भाषा हमीच देत नाही अशी चूक) आहे, जीसीसी या कंपायलरने ते सिद्ध केलंय, क्लँग या दुसऱ्या कंपायलरला दिसत नाही एवढंच, म्हणून वॉर्निंग बंद करू नका, कोड बदला. एकेक बघू.

"सिद्ध केलंय." सगळा घोळ इथेच आहे. साधा व्हेक्टर (हवी तशी वाढणारी यादी) घ्या, आत तीन पॉइंटर (मेमरीतले पत्ते) असतात, सुरुवात, शेवट आणि कपॅसिटीचा, म्हणजे घेऊन ठेवलेल्या जागेचा शेवट, आणि साइझ म्हणजे पहिल्या दोघांची वजाबाकी. शेवट सुरुवातीच्या आधी येऊच शकत नाही हे तुम्हाला माहितीये, मला माहितीये, लायब्ररी लिहिणाऱ्याला माहितीये, पण कोडमध्ये ते कुठेच लिहिलेलं नसतं त्यामुळे ऑप्टिमायझरला ते माहीत नसतं. तुम्ही रीसाइझ केलं की सगळं इनलाइन होतं (लायब्ररीचा कोड तुमच्याच फंक्शनमध्ये उतरतो), जंप थ्रेडिंग या ऑप्टिमायझरच्या पायरीत प्रत्येक इफची वेगवेगळी वाट फुटते, आणि त्यातल्या एका वाटेवर ही वजाबाकी निगेटिव्ह येते. निगेटिव्ह आकडा अनसाइन्डमध्ये (जिथे निगेटिव्ह नसतंच) गेला की होतो अवाढव्य, तो जातो मेमसेट या मेमरी भरणाऱ्या फंक्शनकडे, आणि मग स्ट्रिंगऑप-ओव्हरफ्लो ही वॉर्निंग बोंबलते की साइझ ९२२३३७२०३६८५४७७५८०८ ते १८४४६७४४०७३७०९५५१६१५ च्या मधे आहे, कमाल मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७. साधारण ९२ लाख टेराबाइट! असा आकडा दिसला की मी आधी ओळखतो, हा माझ्या प्रोग्रॅमचा आकडा नाही, ही कंपायलरने स्वतःच काढलेली वाट आहे जिच्यावरून कोणी कधी जाणार नाही. नव्या व्हर्जनमध्ये जीसीसीच्या लायब्ररीवाल्यांनी व्हेक्टरच्या साइझमध्येच "फरक निगेटिव्ह असेल तर इथे पोचताच येत नाही" अशी हिंट घातलीये. चूक तुमची असती तर त्यांनी स्वतःचा हेडर कशाला बदलला असता?

स्ट्रिंगचं तर अजून भारी. जीसीसी १२ मध्ये एक छोटं लिटरल (कोडमध्येच लिहिलेला मजकूर) अधिक स्ट्रिंग, एवढं लिहिलं तरी ओ-टूला रिस्ट्रिक्टची वॉर्निंग यायची की मेमकॉपीचे दोन भाग एकमेकांवर येतायत. कारण स्ट्रिंगच्या रिप्लेसमध्ये "सोर्स माझ्याच बफरमधला असेल तर" अशी एक दुर्मिळ वाट आहे, ती इनलाइन होऊन तुमच्या फंक्शनमध्ये यायची. पुढे ती वाट वेगळ्या, इनलाइन न होणाऱ्या फंक्शनमध्ये हलवली. त्यात तुमचं अनडिफाइन्ड बिहेवियर कुठे होतं सांगा.

"ओ-झीरोला येत नाही म्हणजे बग लपलाय." नाही हो. ओ-झीरोला व्हॅल्यूंच्या रेंज शोधणारा पासच (टप्पाच) चालत नाही, मग त्या रेंजवर उभी असलेली वॉर्निंग येणार कुठून. ती गप्प आहे यावरून बग आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही नाही. उलट बघा, २०२२ मध्ये जीसीसी १२ ने ओ-टूलाच व्हेक्टरायझेशन, म्हणजे अनेक आकड्यांवर एकदम काम करणारा कोड काढणं, चालू केलं (नावात व्हेक्टर असलं तरी वरच्या व्हेक्टरशी संबंध नाही), आणि कोडची एक ओळ न बदलता लोकांकडे नवीन वॉर्निंग आल्या. कोड तोच, मग बग एका रात्रीत आला कुठून?

क्लँगचं थोडक्यात: तो बहुतेक वॉर्निंग ऑप्टिमायझेशनच्या आधीच काढतो, त्यामुळे ही कटकट त्याच्याकडे नाही. पण दोन फंक्शनच्या पलीकडचा खरा ओव्हरफ्लो जीसीसी पकडतो तो त्याच्याकडून सुटू शकतो, हे मान्यच.

"बंद करू नका, कोड बदला." हा सल्ला मला सगळ्यात धोकादायक वाटतो. माझ्या एका जुन्या टीममध्ये ऑप्शनलवर (आत व्हॅल्यू असेल किंवा नसेल असा प्रकार) मेबी-अनइनिशियलाइज्ड (व्हॅल्यू न भरताच वापरली असावी) ही वॉर्निंग येत होती, एकाने व्हेरिएबलला शून्य देऊन टाकलं, वॉर्निंग गेली, आणि काही महिन्यांनी दुसऱ्याने खरंच एका ब्रँचमध्ये व्हॅल्यू भरायची विसरली तेव्हा व्हॅलग्राइंड हे मेमरीच्या चुका शोधणारं टूलसुद्धा गप्प, कारण शून्य तर आहेच की तिथे. दोन दिवस गेले त्यात. आणि वॉर्निंग बंद करणं म्हणजे पाप वाटत असेल तर लिनक्स कर्नलकडे बघा, तो सी मध्ये आहे पण वॉर्निंग हीच: २०२० मध्ये जीसीसी १० वापरायला लागल्यावर लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्सनी ती डिफॉल्टला बंदच करून टाकली.

मी काय करतो? आधी ती वाट खरंच शक्य आहे का ते कागदावर बघतो, बऱ्याचदा असतेही, तेव्हा गुपचूप फिक्स करतो. नसेल तर तेवढ्या ओळींपुरता वॉर्निंग बंद करणारा प्रॅग्मा (कंपायलरला दिलेली सूचना) आणि शेजारी कंपायलरचं व्हर्जन कॉमेंटमध्ये, म्हणजे पुढच्या अपग्रेडला काढून बघता येतं. सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना चुका पकडणारं साधन) लावून टेस्ट वेगळ्या चालवतो, पण त्या बिल्डमध्ये वेरर (वॉर्निंगलाच एरर मानणारा पर्याय) नाही, कारण सॅनिटायझरने खोट्या वॉर्निंग वाढतात, दोन्ही एकत्र लावू नका, हे जीसीसीच्या मॅन्युअलमध्येच छापलंय.