‘अमेरिकेचा कायदा’ असा एक नाहीच
‘अमेरिकेत कुणीही उठतो नि कमरेला पिस्तूल लावून फिरतो’ हे तुमच्या अमेरिकेतल्या बंदुकांवरच्या लेखातलं वाक्य आमच्या टेक्सास राज्यासाठी बऱ्यापैकी खरं आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या बहुतेकांना त्यासाठी परवाना लागत नाही. तरी बारच्या दारावर लाल ‘५१%’ची पाटी असली की पिस्तूल आत न्यायचं नाही, निम्म्याहून जास्त कमाई तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूची, असा तिचा अर्थ. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, सेल लागलाय!

न्यू जर्सीत मात्र रायफल घ्यायलाही आधी पोलिसांकडून बंदूक खरेदीचं ओळखपत्र काढावं लागतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात. पिस्तूल विकत घेताना दरवेळी वेगळं परमिट. टेक्सासमध्ये कुणी हौसेने परवाना काढला असला, तरी तो तिथे चालत नाही. लेखात राज्याचं नाव तरी द्यायचं होतं.