होल्डर दुसऱ्याच्याच पोराच्या हातात का?

सर, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नाशिकमधल्या अंबडच्या माझ्या फॅब्रिकेशन शेडमध्ये दर रविवारी शाळा सुटलेली चार-पाच पोरं वेल्डिंग शिकायला येतात. त्यातला दहावीत दोनदा गणित गेलेला एक जण गेट बनवताना कसा खुलला, एवढंच मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की, हे गरिबाच्या पोराला शिक्षणातून अलगद बाजूला काढणं आहे; कौशल्य हे गोंडस नाव, प्रत्यक्षात फुकटचा हेल्पर. आणि शेवटी, "स्वतःची मुलगी इंजिनिअरिंगला, दुसऱ्याचं पोर वेल्डिंगला."

शेवटचं वाक्य लागलं, कारण ते खरं आहे. मुलगी पुण्यात मेकॅनिकलला आहे आणि तिच्या हातात मी कधी होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरायचा चिमटा, दिला नाही. एकदा तिने मागितला तेव्हा 'डोळे जातील' म्हणालो होतो. या पोरांच्या आयांना मी तसं म्हणत नाही, काळी काच देतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही, उगाच शोधतही बसत नाही.

फुकटच्या हेल्परचं मात्र बोलू. तो मी स्वतः होतो. आयटीआय झाल्यावर सातपूरच्या एका कंपनीत ॲप्रेंटिस लागलो. १९६१ चा कायदा म्हणतो, ॲप्रेंटिस हा शिकाऊ, कामगार नव्हे. हे आम्हाला पहिल्याच दिवशी ऐकवलं गेलं, स्टायपेंड किती ते सांगताना. शिकवणं म्हणाल तर पहिले चार महिने लेथखालचा चुरा भरायचा आणि चहा आणायचा. मशीनला हात लागला तो सुपरवायझर गावाकडे लग्नाला गेला तेव्हा.

म्हणून शेडमध्ये नियम केला: रविवारी गिऱ्हाइकाचं काम नाही. पोरं भंगारातल्या पट्ट्या जोडतात, आणि जोड कसा झालाय ते बघायला आम्ही त्या तोडतो. पण लेखातलं ते गेट गिऱ्हाइकाचंच होतं, पाथर्डी फाट्यावरच्या एका रो-हाउसचं. ऑर्डर अडकली होती, नियम मीच मोडला. त्या दिवसाची मजुरी पोराला दिली, तरी लेखात ही गोष्ट गाळली ती गाळलीच. तुम्हाला वास आला, तो बरोबर आला.

गणिताचंही तसंच. दोन्ही कर्ण मोजून चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसवली आणि त्याला पायथागोरस कळला, असं मी ऐटीत लिहिलं. पुरवणी परीक्षेत भूमिती परत गेली. तीन-चार-पाच फुटांची चौकट तो झोपेतही लावेल, पण 'सिद्ध करा' म्हटलं की संपलं.

मग हा उद्योग कशासाठी, असं तुम्ही विचाराल. त्याचा पहिला रविवार सांगतो. ३.१५ मिलिमीटरचा वेल्डिंग रॉड, शंभर ॲम्पिअर करंट. रॉड पट्टीला चिकटला. नवखा माणूस सरळ ओढतो, तसा याने ओढला. मनगटाला झटका देऊन सोडवायचा असतो. दहाएक वेळा चिकटल्यावर आर्क, म्हणजे रॉड आणि पट्टीमधली सलग ठिणगी, धरला, चरचर आवाज सलग यायला लागला. गडी खूश. हातोडीने स्लॅग, म्हणजे जोडावरची खपली, झाडला तर खाली भोकंच भोकं. अशी जाळी अनारशाला शोभते, जोडाला नाही. आणि तोवर माझ्याशी 'हो-नाही'पलीकडे न बोललेला पोरगा म्हणाला, "का आली?" जुलै होता, उघड्या पुड्यातल्या रॉडनी ओल धरलेली. रॉड वाळवले, दुसरी पट्टी घेतली, भोकं कमी झाली. त्या दिवशी त्याने चौदा पट्ट्या केल्या आणि प्रत्येक स्वतः तोडून पाहिली. वर्गात त्याने शेवटचं 'का' कधी विचारलं होतं, हे तुमच्यासारख्या शिक्षकाने सांगावं. टोमणा नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय.

तुमची शंका तशी जुनी आहे. १९३७ ला वर्ध्यात गांधीजींनी नई तालीम मांडली, शाळेचा खर्च मुलांच्या हातकामातून निघावा म्हणाले, तेव्हाही 'शाळेचा कारखाना होईल' असा आक्षेप आलाच होता. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात संस्थापक डॉ. कलबागांनी १९८३ पासून वेगळी वाट धरली: शाळा सुटलेल्या पोरांना वर्कशॉप, शेती, वीज, आरोग्य सगळीकडे फिरवायचं, एकाच कामाला जुंपायचं नाही. हे माझ्याकडे नाही. मला वेल्डिंग येतं, तेवढंच शिकवतो. इथे तुमचा मुद्दा मान्य.

पण शिक्षणातून बाजूला? आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला आठवी पास चालतं, कोर्स एक वर्षाचा. हे त्या गेटवाल्या पोराच्या घरी कुणाला ठाऊकच नव्हतं. "परत वर्ग नको" म्हणून तो महिनाभर अडून बसला. शेवटी फॉर्म भरला. बाकीच्यांपैकी दोघं तिसऱ्या रविवारनंतर फिरकले नाहीत, एक डिलिव्हरीच्या गाडीवर आहे. मागच्या लेखात तेही यायला हवं होतं.

त्याला भूमिती अजून काढायची आहे आणि मला ती शिकवता येत नाही. रविवारी दहा ते एक शेड उघडी असते. येणार असाल तर सुती शर्ट घाला, टेरिकॉटला ठिणगीने भोक पडतं. आणि पायात बूट हवेत.