फुटबॉलपटू कुठल्या गावचा, हे कसं ठरवायचं?

भारताचा संघ जाहीर झाला की गोव्यात पहिला प्रश्न ठरलेला: आमचे किती? मग नावं मोजायची, आडनावांवरून ख्रिस्ती किती, हिंदू किती ते बघायचं आणि शेवटी 'फुटबॉल सासष्टीच्या (म्हणजे मडगावच्या तालुक्याच्या) रक्तातच आहे, पेडणे-सत्तरी या तालुक्यांकडे तो नाहीच' असं म्हणून विषय संपवायचा. हे मला अजिबात पटत नाही. रक्त आणि धर्म दोन्ही बाजूला ठेवा. ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार होते. महेश गवळी, समीर नाईक आणि मंदार राव देसाई हेही गोव्याचेच, आणि सगळे भारताकडून खेळले.

मुळात 'कुठला' म्हणजे काय? फोर्चुनात फ्रँको यांचा जन्म गोव्यातल्या कोलवाळचा. लहानपणीच मुंबईला गेले, खेळ तिथेच घडला आणि १९६२ साली जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा गोमंतकीय, पण त्यांचं मैदान मुंबईचं. महेश गवळी घडला जमशेदपूरच्या टाटा अकादमीत. म्हणून माझं मत असं की जन्मगावापेक्षा १२ ते १८ या वयात मुलगा कुठे खेळला हे बघावं. खेळाडूचं खरं गाव ते.

या नजरेनं बघितलं की सासष्टीतून इतके खेळाडू का येतात, हे कोडं सुटतं. रोमिओ फर्नांडिस आसोळण्याचा, रॉलिन बॉर्जेस नुव्याचा, लिस्टन कुलासो दवर्लीचा. तिन्ही गावं मडगावच्या आसपासची. सरद (पावसाळी) भात कापून झालं की सपाट शेतं मोकळी होतात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत मुलांना फुकटचं मैदान मिळतं. चर्चचं मैदान, शाळेचं मैदान आणि गावचा क्लब हाकेच्या अंतरावर. गावागावांच्या स्पर्धा असतात, त्यामुळे चौदा वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या धक्क्यांची सवय होते. मडगावचं फातोर्डा स्टेडियम जवळच असल्यानं निवड चाचणीला जायला घरच्यांना दिवस मोडावा लागत नाही.

आता सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराळ तालुक्यांकडे या. शेतं चिंचोळी, पायरीपायरीची, मध्ये बांध. पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटरचं. इथल्या तुकड्यात जेमतेम सात-सात जणांचा खेळ बसतो, त्यामुळे विंगवरून (मैदानाच्या कडेनं) लांब धाव आणि क्रॉस, म्हणजे तिथून गोलसमोर चेंडू टाकणं, ही सवयच लागत नाही. जिथे पाटाचं पाणी आहे तिथे वायंगण (उन्हाळी भात) लावतात, म्हणजे ऐन खेळाच्या महिन्यांत शेत अडकलेलं. मग उरतो सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. जांभ्यावर चेंडू वेडावाकडा उसळतो, एक स्लाइडिंग टॅकल केला, म्हणजे घसरत जाऊन चेंडू काढला, की मांडी सोलून निघते. मुलं दोनदा सोलली गेली की खाली पडून टॅकल करणं सोडतात, उभ्यानंच पाय घालतात आणि पुढे गवताच्या मैदानावर बचावात तेच अंगाशी येतं. प्रशिक्षक म्हणतो, पोरगा घाबरट आहे. घाबरट नाही हो, त्याच्या पायाखाली दगड होता! सड्यावर मैदान करायचं तर दगड सपाट करून वर मातीचा चांगला थर, पाणी निघून जायला उतार आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी नवी माती व रोलर, एवढं लागतंच. सगळीकडे पहिल्या वर्षी उद्घाटन होतं, दुसऱ्या वर्षी माती वाहून जाते आणि खडी पुन्हा वर येते.

दुसरी अडचण बसची. सराव संपतो अंधार पडताना. काणकोणचं मुख्य गाव चावडी, तिथून मडगाव सुमारे ४० किलोमीटर. शेवटची बस चुकेल म्हणून मुलगा सराव अर्ध्यावर टाकून निघतो आणि मग 'नियमित नाही' असा शेरा. वसतिगृह असलेली अकादमी हाच यावर उपाय. १९९९ पासूनची सेझा अकादमी डिचोली तालुक्यात साखळीला, खाणपट्ट्यात उभी राहिली, ती म्हणूनच मोलाची.

किनाऱ्याकडेही सगळं गोड नाही. जुन्या पोर्तुगीज राजवटीच्या नात्यानं मिळणारा पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं आणि भारताची जर्सीही. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतून बाहेर पडले, तेव्हा गावातल्या पोरांसमोरच्या पगारी जागा एकदम कमी झाल्या. ती भरपाई अजून झालेली नाही.

आणि गावच्या क्लबांनो, नोंदणी! करार चालू असलेल्या खेळाडूला परदेशी क्लबनं पैसे मोजून घेतलं, तर फिफाच्या नियमानं रकमेचे ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे असतात. १२ ते १५ वयाच्या प्रत्येक हंगामाला एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ ला ०.५ टक्के. एक कोटीच्या बदलीत १२ ते १८ अशी सात वर्षं तुमच्याकडे खेळलेल्या मुलामागे अडीच लाख होतात. पण हे सगळं खेळाडूच्या नोंदणीच्या इतिहासावर ठरतं. मुलगा पाच वर्षं तुमच्याकडे खेळला आणि नोंद पहिल्यांदा सतराव्या वर्षी मोठ्या क्लबनं केली, तर कागदावर तो त्यांचाच. सत्तरी-पेडण्यातली मुलं नकाशावर दिसत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे. दर हंगामाच्या सुरुवातीला बाराव्या वर्षापासूनच्या प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, फोटो आणि पालकांची सही घेऊन नोंदणी करा, पावतीची प्रत क्लबमध्ये ठेवा. सेक्रेटरी बदलला की फाईल त्याच्या घरी राहते, तेवढी परत मागून घ्या.