आपलं वर्ष आगोटीला संपतं

३१ डिसेंबरला बसून वर्षाचा हिशोब मांडायचा हे मला कधी जमलंच नाही, आणि कोकणात ते कुणाला जमत असेल असंही वाटत नाही. डिसेंबरात आपल्याकडे थांबतंय काय? आंब्याच्या कलमांना मोहोर येतोय, बंदर भरलेलं, टुरिस्ट भरलेले, स्वतःकडे बघायला वेळ कुणाला आहे! थांबायचं ते मे संपताना, आगोटीला, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या दिवसांत. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद, माशांच्या पैदाशीचा काळ म्हणून. दापोलीजवळच्या हर्णै बंदरातल्या बोटी आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत जातात, जाळी घरात येतात आणि पुरुषमाणसं ओटीवर दिसायला लागतात.

पण खरा विचार होतो तो त्याच्या आधी, बेगमी भरताना. सोडे म्हणजे सुकवलेली सोललेली कोलंबी किती, सुके बोंबील किती, जवळा म्हणजे बारीक सुकी कोलंबी, आमसुलं, मसाला, कुळीथ, लाकडं माळ्यावर किती चढवायची, हे सगळं ठरवायला घरात पावसाळाभर माणसं किती असणार ते आधी मोजावं लागतं ना, आणि तिथेच सगळं बाहेर येतं. सासूबाई गेल्या तेव्हापासून कुळीथ निम्मे झाले. मुलगा पुण्याला. माळ्यावर गेल्या वर्षीचा जवळ्याचा डबा न उघडलेला सापडतो म्हणजे आपण कुणासाठी भरत होतो? डायरी लिहून एवढं खरं बोलणं होत नाही माझ्याच्याने.

आता रील टाकणारे म्हणतील पाऊस, चहा, आत्मचिंतन. छान आहे, चहा घ्या. पण बोटीवरच्या खलाशाची या दोन महिन्यांत कमाई बंद असते आणि बोटवाल्याचा बँकेचा हप्ता चालू असतो, त्याला ओटीवर बसून सुचतं ते चिंतन नाही, चिंता. ऋतू बदलला की मन आपोआप शांत होतं वगैरे मला पटत नाही. काम हातावेगळं केलं तर थोडं होतं, एवढंच.

त्यात आता पावसाचाही भरवसा राहिला नाही. एरवी ७ जूनच्या आसपास येणारा मान्सून २०२५ मध्ये २५ मेलाच कोकणात! वाळत टाकलेलं भिजलं, कौलं परतायची राहिली, कितीतरी जणांची आगोट अर्धीच झाली तेव्हा. म्हणून मी अक्षय्य तृतीयेनंतर लगेच सुरुवात करते हल्ली, मिस्टर हसतात, हसू देत.

यंदा आमच्याकडे वाद एवढाच आहे की मुलाचं माप धरायचं की नाही. हे म्हणतात तो गणपतीलाच येणार, कशाला उगाच. मी सोडे त्याच्यासकट घेतलेत. त्याला विचारलं मात्र नाहीये अजून, आणि तो ही पोस्ट वाचेल तेव्हा वाचेल.