लेडी जमशेटजींचा उल्लेख हवा होता

मुंबईतील माहीम परिसराची माहिती देणाऱ्या आपल्या लेखात लेडी जमशेटजी मार्गावरील शीतलादेवी मंदिर आणि सेंट मायकल चर्चची उत्तम ओळख करून दिली आहे. मात्र ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे, त्या लेडी जमशेटजी, म्हणजेच सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांचा उल्लेख राहून गेल्याची रुखरुख वाटते. मिठी नदीच्या मुखापाशी माहीमहून वांद्र्याला जायला होडीचाच आधार असताना, त्यांनी १,५७,००० रुपये दिले म्हणून १८४५ मध्ये माहीम-वांद्रे जोडणारा कॉजवे (पाण्यातून बांधलेला रस्ता) खुला झाला, आणि त्यावर पथकर घेऊ नये अशी त्यांची अट होती. माहीमच्या किल्ल्याबद्दलही अधिक लिहायला हवे होते. भरतीच्या लाटा थेट बुरुजाच्या पायथ्याशी आदळतात आणि तटाचे दगड निखळत चालले आहेत. आतली अतिक्रमणे हटली, हे फार चांगले झाले. आता तटबंदीची डागडुजी करून तिथे नदी, खाडी व कोळीवाड्याची माहिती देणारे छोटेसे संग्रहालय उभारावे, अशी कळकळीची विनंती आहे.