जिवंत असाल तर सिद्ध करा

साठी उलटली आणि तरीही मुंबईतच राहायचा हट्ट आहे? अभिनंदन. पुढच्या सूचना मोठ्या अक्षरांत छापून फ्रीजवर लावा.

रस्ता शक्यतो ओलांडू नका. पलीकडच्या फुटपाथचेही पेव्हर ब्लॉक उखडलेलेच आहेत.

स्टेशनवर सरकता जिना आहे का, याची चौकशी करून ठेवा. असतो. बंद असतो.

रेल्वेच्या सवलतीची आठवण काढू नका. पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के मिळायची, ती मार्च २०२० मध्ये करोनामुळे थांबवली. करोना गेला, सवलत काही परत आली नाही. त्यापेक्षा पंच्याहत्तरी गाठा, एसटी फुकट आहे. पायरीवर पाय पोचला तर.

आजारी पडायचं असेल तर लिफ्ट चालू असलेला दिवस निवडा.

रीडेव्हलपमेंटच्या कागदांवर मुकाट सही करा. नव्या फ्लॅटचा ताबा घ्यायला तुम्ही नसलात तरी वारस आहेतच.

आणि नोव्हेंबर जवळ आला की बोटं जपा. मी जपली नाहीत. जन्मभर पोस्टात शिक्के मारले, घरी येऊन भांडी घासली, रेषा राहतील कुठून? पेन्शन चालू राहायची तर दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा, म्हणजे हयातीचा, दाखला द्यावा लागतो. परवा त्यासाठी बँकेत गेले. अंगठा लावला, जुळेना. मग तर्जनी, मग मधलं बोट. क्रीम चोळून झालं, पदराला पुसून झालं. मग म्हणे चेहरा दाखवा, मोबाइलकडे बघून डोळे मिचकवा. मिचकावले. "परत करा, आजी." मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी, भर बँकेत, नातवाच्या वयाच्या पोरापुढे मी डोळे मिचकावत उभी! तरी चेहरा जुळेना. आधारवरचा तो फोटो तर आमच्या कुलदेवीलाही ओळखू येणार नाही. शेवटी निकाल लागला, "मुलाला घेऊन या." मुलगा कॅनडात आहे म्हटलं. "मग सुनेला आणा."

अरे, मी समोर उभी आहे ना? भांडतेय ना तुमच्याशी? मेलेली बाई एवढी भांडते का?

सत्तरी ओलांडलेल्यांना घरी जाऊन सेवा द्या, हयातीचा दाखलाही घरून घ्यायची सोय करा, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच सगळ्या बँकांना कळवलंय. हे तिथल्या साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "ॲपवर रिक्वेस्ट टाका." ॲपला ओटीपी लागतो. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जातो. मुलगा तिकडे झोपलेला असतो.

आता सरळच बोलते. ठसा जुळला नाही तर कागदावर दाखला घेता येतो. ती पद्धत बंद झालेली नाही. तुम्हाला माहीत नसेल तर वरिष्ठांना विचारा, माझ्या सुनेला बोलावू नका. पेन्शन माझी आहे, मी नोकरी करून मिळवलेली आहे, तुम्ही खिशातून देत नाही. आणि ते "आजी, आजी" पुरे. पासबुकावर माझं नाव छापलंय, ते वाचा. रांगेशेजारी एक बाक टाकायला कुणाच्या बापाचं काय जातं? निदान तो पंखा तरी इकडे वळवा. एसी आत तुमच्याकडे आहे, उभं आम्ही राहतोय.