चौकट भिंत उचलत नसते

"लिंटेल ही ठेकेदारांची चलाखी आहे. भक्कम चौकट बसवा, वरच्या विटा कमानीसारख्या आपोआप तरतात. कॉलम-बीमच्या घरात तर भिंतीवर भार येतच नाही. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीला वीस वर्षांत काही झालं नाही. टाकायचंच असेल तर चार सळया कुठेही टाका." हा संदेश मला चार गटांतून आला. लिंटेल म्हणजे दार-खिडकीच्या गाळ्यावर, म्हणजे मोकळ्या जागेवर, टाकलेली काँक्रीटची आडवी पट्टी. यातला कमानीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून आधी तोच.

पक्कं वीटकाम उघड्या गाळ्यावरचा भार बाजूंना वळवतं, कबूल. पण त्या कमानीखालचा विटांचा त्रिकोणी तुकडा लोंबकळतच राहतो. खिडकी १.२ मीटर, भिंत २३० मिलिमीटर आणि त्रिकोण ६० अंशांचा धरला, तर विटांचा तो तुकडा सुमारे २७५ किलो भरतो. तो कोण धरणार? शिवाय कमान बाजूला रेटा देते. खिडकी कोपऱ्याला चिकटून असेल तर तो रेटा घ्यायला भिंतच नसते. वर वीटकाम कमी असेल किंवा एखादी तुळई नेमकी त्या त्रिकोणात टेकली असेल, तर मग बोलायलाच नको.

चौकट असते ती पल्ले धरायला. वरचं आडवं लाकूड चार-पाच मिलिमीटर लवलं की दार घासतं, सुतार रंधा मारून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

कॉलम-बीमच्या घरात भिंत इमारतीचा भार घेत नाही, पण स्वतःचं वजन तिला असतंच. ते २७५ किलो तिथेही तेवढेच.

न्हाणीघराच्या खिडकीचा दाखला मोठ्या दाराला चालत नाही. गाळा दुप्पट झाला की त्रिकोणाचं वजन चौपट होतं आणि लिंटेलला वाकवणारा जोर आठपट!

राहिल्या त्या "कुठेही" टाकायच्या सळया. काँक्रीट दाब छान सोसतं, ताण मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. लिंटेल मधोमध लवतं तेव्हा ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळया खाली, आणि दोन्ही टोकं भिंतीत किमान १५० मिलिमीटर. त्यालाच जोडलेल्या छज्जाचं उलटं: तिथे ताण वर, सळया वर. माल ओतताना कोणीतरी त्या जाळीवर पाय देतो, सळया खाली दबतात, वरून थापी फिरते आणि सगळं गुळगुळीत दिसतं, सेंट्रिंग, म्हणजे खालचा तात्पुरता आधार, काढेपर्यंत.